परदेशी पत्रं आणि गिरणीची हँडबिलं

मी पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात कागद दुरुस्त करते. सदाशिव पेठेतल्या एका वकिलांच्या वाड्यातून गठ्ठा आला होता: मेरठ खटल्याचे (ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर कटाच्या आरोपाखाली भरलेला खटला) छापील पुरावे, आणि त्याच फडक्यात १९२८च्या गिरणी संपाची मराठी हँडबिलं. एका संशोधक विद्यार्थ्याला परदेशी पत्रव्यवहार तेवढा स्कॅन करून हवा होता. ‘हँडबिलं राहू द्या,’ वरून निरोप आला. मागितलं तेवढंच करायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. मला तो मुळीच मान्य नाही, म्हणून हँडबिलंही काढलीच.

पुराव्यांचे खंड धडधाकट. सरकारी खर्चाने छापलेले. धूळ झटकली, शिवण तपासली, झालं. हँडबिलांनी मात्र दिवस खाल्ला. लगद्याचा स्वस्त कागद आम्लाने तांबूस पडलेला, घडीवर बोट ठेवलं की तुकडा हातात. त्यावर सेलोटेप! जुन्या कागदाला सेलोटेप लावू नका, हे हात जोडून सांगते. तिचा डिंक कागदात मुरतो, मग काही केल्या निघत नाही. पट्टी स्पॅच्युलाने हळूहळू सोडवली. मग शाईची परीक्षा: कोपऱ्यावर पाण्याचा थेंब, वर टीपकागद. छपाईची शाई हलली नाही, पण जांभळा शिक्का पसरू लागला. म्हणजे पाण्यात घालून आम्ल काढणं बाद. शेवटी घट्टसर खळ, जपानी टिश्यूचं अस्तर, शिक्क्याची जागा कोरडी ठेवून.

दुपारी तो मुलगा आला, पुरावे वाचून भारावलेला. ते आहेतच तसे. १९२०मध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांनी ताश्कंदला काढलेला कम्युनिस्ट पक्ष, ब्रिटिश कम्युनिस्टांनी धाडलेले फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली, सांकेतिक भाषेतली पत्रं. २० मार्च १९२९ला धरपकड झाली, त्यात आपल्या पुण्याचे धुंडिराज ठेंगडीही होते.

“मॅडम, सगळी सूत्रं बाहेरूनच हलत होती.”

मी त्याला टेबलापाशी नेलं. हँडबिलात तक्रार होती ती दोनऐवजी तीन माग चालवायला लावतात याची. मुंबईत दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांबाहेर राहिले. त्यात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन वर्षअखेर ५०,०००च्या पुढे गेली. रशियातल्या कामगार संघटनांनी संपाला पैसे पाठवले, हेही खरं. पण मॉस्कोने सांगितलं म्हणून कुणी सहा महिने पोरांना अर्धपोटी ठेवत नाही.

मला सलतंय ते वेगळंच. सरकारला कट सिद्ध करायचा होता, म्हणून टपालातली पत्रं फोडली, नकला केल्या, छापून बांधून ठेवल्या. कामगारांपुढची भाषणंही त्यात आहेत, पण कटाचा पुरावा म्हणून, इंग्रजीत. चाळीतल्या माणसाच्या हातात पडलेला कागद मात्र कुणी जपला नाही. आज अभ्यासकापुढे येतं ते पोलिसांनी निवडलेलं, आणि परकीय हात आहे त्याहून मोठा दिसतो.

मुलगा हुशार. म्हणाला, “पण १९२४, १९२५लाही मुंबईत मोठे संप झालेच की. तेव्हा लाल बावट्याचा एवढा जोर का नव्हता? मधल्या काळात स्प्रॅट आले.”

प्रश्न बिनतोड आहे. कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे मुंबईत लेनिनवर लिहीत होते ते १९२१पासून, स्प्रॅटच्या कितीतरी आधी, एवढं मी म्हटलं. पण त्याने त्याचा मुद्दा खोडला जात नाही. संघटना कशी बांधायची हे बाहेरून आलं, राग इथला होता, असं मला वाटतं. त्याला ते अर्धंच पटलं.

जाताना मात्र त्याने मागणी अर्जात हँडबिलंही लिहिली. अर्ज वर गेलाय, सही अजून झालेली नाही.