मेडिकल स्कूलआधीचे कम्युनिटी कॉलेज

अमेरिकेत डॉक्टर व्हायचे असेल तर बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला बसता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, तिच्यासोबत किंवा तिच्यानंतर काही ठरावीक विज्ञान विषय, मग एमकॅट नावाची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल, असा इथला क्रम आहे. पदवी कोणत्याही विषयाची चालते. इतिहास किंवा संगीत शिकलेली माणसेही पुढे डॉक्टर होतात. ते ठरावीक विषय, म्हणजे प्रीरिक्विझिट्स, मात्र सहसा कोणाला चुकत नाहीत. जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र हे साधारणपणे प्रत्येकी वर्षभर आणि प्रयोगशाळेसह करावे लागतात, शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. माझी बी.फार्म.ची पदवी पुण्याची, मास्टर्स इथले. हे विषय मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे विद्यापीठाची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात, नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना बसून करते आहे.

हे सांगितले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सासूबाईंनी फोनवर विचारले, "अगं, तुझं फार्मसीत हे सगळं झालंय ना, मग परत पहिलीपासून कशाला?" प्रश्न रास्त आहे. बी.फार्म.ला ऑरगॅनिक केमिस्ट्री झाली होती आणि चांगली झाली होती. पण बहुतेक एमडी कॉलेजांचे (एमडी ही इथली पहिली वैद्यकीय पदवी) अर्ज ज्या एएमसीएएस या मध्यवर्ती सेवेतून जातात, ती परदेशी विद्यापीठाचे गुण तपासत नाही आणि सरासरीतही धरत नाही. अनेक मेडिकल स्कूलांना हे विषय अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या संस्थेतच झालेले हवे असतात. म्हणजे पदवी आहे, पण गुणांच्या बाबतीत पाटी कोरी आहे. मास्टर्सचे गुण वेगळ्या रकान्यात जातात, त्यामुळे अंडरग्रॅज्युएट जीपीए, म्हणजे पदवी पातळीच्या गुणांची सरासरी, म्हणून माझ्या अर्जावर जे काही दिसेल, ते मुख्यतः याच कॉलेजातून आलेले असेल. पूर्वीचे कमी गुण मागे खेचत नाहीत, ही सोय. पूर्वीचे चांगले गुण सावरूनही घेत नाहीत, ही गैरसोय. जीपीए अवघ्या मोजक्या विषयांवर उभा असल्यामुळे एखाद्या विषयातला 'बी'सुद्धा ठळक दिसतो.

आमच्या मराठी वर्तुळात कम्युनिटी कॉलेज हा शब्द काढला की चेहऱ्यावर किंचित सहानुभूती उमटते, जणू दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून हे. ही संस्था कशासाठी निघाली ते पाहिले, तर या सहानुभूतीला फारसा आधार उरत नाही. इलिनॉयमधले जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झाले आणि तिथल्या हायस्कूलच्याच आश्रयाने विद्यापीठाची पहिली दोन वर्षे शिकवू लागले. त्यानंतर ९ वर्षांनी, १९१० साली, शिक्षणतज्ज्ञ एब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून आपला प्रसिद्ध अहवाल दिला. जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने १८९३ पासूनच पदवीची अट घातली होती, पण बहुतेक ठिकाणी केवळ शालेय शिक्षणावर, आणि कधी कधी तेही नसताना, प्रवेश मिळत असे. निदान दोन वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकल्याशिवाय कोणाला वैद्यकाच्या वर्गात घेऊ नये, असा फ्लेक्सनर यांचा आग्रह होता. (याच अहवालानंतर कृष्णवर्णीयांसाठीच्या ७ वैद्यकीय शाळांपैकी ५ बंद पडल्या आणि हॉवर्ड व मेहॅरी या दोनच उरल्या, त्या अहवालाचे गुणगान करताना ही बाजू अनेकदा वगळली जाते.) आज प्रीरिक्विझिट म्हणून जे विषय मागितले जातात, ते बहुतांशी विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचेच विषय आहेत, आणि नेमके तेच शिकवण्यासाठी ही कॉलेजे निघाली होती.

पैशाचा मुद्दा तर उघड आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (विषयाचा भार मोजण्याचे माप) ४६ डॉलर पडतात आणि हा दर २०१२ पासून तोच आहे. पाच युनिटांची जनरल केमिस्ट्री, प्रयोगशाळेसकट, २३० डॉलर आणि वर किरकोळ शुल्क एवढ्यात होते. रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याआधी एका वर्षाहून अधिक काळ राज्यात वास्तव्य लागते. तोवर प्रत्येक युनिटमागे कितीतरी जास्त मोजावे लागते, हे नव्याने आलेल्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. पदवी झालेल्यांसाठी ब्रिन मॉर किंवा गाउचर यांच्यासारख्या संस्था खास पोस्टबॅक अभ्यासक्रम चालवतात. ते उत्तम आहेत, पण त्यांचा खर्च हजारो डॉलरांत जातो आणि दिवसाची नोकरी सोडावी लागते. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याने तो पर्याय चाचपून पाहावा आणि बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे.

शिकवण्याच्या दर्जाबद्दल मला सर्वाधिक विचारले जाते, म्हणून एक प्रयोग सविस्तर सांगते. ऑरगॅनिकच्या पहिल्या भागात चहातून कॅफीन वेगळे काढायचे असते. चहाच्या पिशव्या सोडियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात उकळतात, म्हणजे चहातली तुरट टॅनिन्स क्षारांच्या रूपाने पाण्यातच राहतात. पाणी गार झाले की ते सेपरेटरी फनेलमध्ये, म्हणजे द्रवांचे थर वेगळे करण्याच्या तोटीच्या काचपात्रात, घेऊन त्यात डायक्लोरोमिथेन ओततात. कॅफीन या द्रावकात जास्त विरघळते आणि द्रावक पाण्याहून जड असल्याने तळाशी जातो. खरी कसोटी इथे लागते. फनेल जोरात हलवले तर दोन थरांच्या मध्ये चिकट फेस धरतो आणि तो काही केल्या फुटत नाही. अगदीच हळू हलवले तर कॅफीन खाली उतरत नाही. मधूनमधून फनेल उलटे धरून, त्याची नळी कोणाच्याही तोंडाकडे नाही हे पाहून, तोटी उघडायची आणि आत साठलेला वाफेचा दाब सोडायचा. खालचा थर काढून निर्जल सोडियम सल्फेटने त्यातले पाणी शोषून घ्यायचे आणि द्रावक उडवून लावायचा, की काचेला हिरवट-पांढरी पूड चिकटलेली दिसते.

आमच्या वर्गात ज्या बाई लेक्चर घेतात त्याच प्रयोगशाळेतही उभ्या असतात. माझे मनगट कसे हलते ते पाहून त्यांनी फनेल हातातून घेतले, एकदा सावकाश उलटसुलट करून दाखवले आणि परत दिले. मोठ्या विद्यापीठात शेकडो मुलांचे लेक्चर प्राध्यापक घेतात आणि प्रयोगशाळा बहुधा पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर सोपवलेली असते. बी.फार्म.च्या प्रॅक्टिकलमध्ये आमचे निम्मे लक्ष जर्नलवर सही मिळवण्याकडे असे. पूड मिळाली की नाही हे त्या मानाने दुय्यम होते. माझ्या बाकावरचा जोडीदार पूर्वी सैन्यात वैद्यकीय मदतनीस होता. पलीकडच्या बाकावर दिवसभर रक्ताचे नमुने गोळा करून आलेली एक मुलगी असते. या लोकांना फनेल कसे धरायचे ते एकदाच सांगावे लागते.

अडचणी आहेत, आणि त्या पात्रतेपेक्षा वेळापत्रकाच्या जास्त आहेत. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही आणि ऑरगॅनिक झाल्याशिवाय सहसा बायोकेमिस्ट्री मिळत नाही, त्यामुळे ही साखळी दोन वर्षांपेक्षा कमी वेळात क्वचितच संपते. लहान कॉलेजांत ऑरगॅनिकचा दुसरा भाग कधी कधी वर्षातून एकदाच असतो. तो हुकला की सगळा आराखडा वर्षभराने पुढे जातो. प्रयोगशाळेतल्या जागा मोजक्या असल्याने वेटलिस्ट लांब असते, आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहून बाईंकडे जागा मागणे हा तिथला रूढ मार्ग आहे. विषय निवडतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. जीवशास्त्राचा एक अभ्यासक्रम विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी असतो, तो चालत नाही. नर्सिंगवाल्यांची ॲनाटमी-फिजिओलॉजी उपयोगी असली तरी तिने जनरल बायोलॉजीची जागा भरत नाही. भौतिकशास्त्र मात्र कॅल्क्युलस नसलेले बहुतेक ठिकाणी पुरते. इंजिनिअरांच्या वर्गात बसून उगाच जीपीए पणाला लावू नये. हे सर्व समजावून सांगणारा प्रीमेड (मेडिकल स्कूलच्या तयारीचा) सल्लागार अशा कॉलेजांत बहुधा नसतो, कारण इथल्या समुपदेशकांचे मुख्य काम मुलांना चार वर्षांच्या विद्यापीठात पोचवण्याचे असते.

मेडिकल स्कूले या गुणांकडे नाक मुरडतात का? काही मुरडतात. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या माहितीसंचात कोणते मेडिकल स्कूल कम्युनिटी कॉलेजचे विषय स्वीकारते हे शाळावार नोंदलेले असते, आणि नावनोंदणीआधी ते वाचणे हे मी गृहपाठ मानते. अनेक जण स्वीकारतात. काही स्वीकारतात पण चार वर्षांच्या विद्यापीठाला पसंती देतात. ही पसंती मला पूर्णपणे अन्यायाची वाटत नाही. अवघड विषयांचा पूर्ण भार एकदम उचलता येतो का, हे त्यांना पाहायचे असते, आणि सत्राला एकच विषय घेणाऱ्या माझ्यासारखीच्या गुणपत्रिकेवरून ते कळत नाही. त्याला उत्तर एमकॅटचे. ४७२ ते ५२८ या मोजपट्टीवर सर्वांना एकाच मापाने मोजले जाते आणि तिथे कॉलेजचे नाव लिहिलेले नसते. दुसरे उत्तर वरच्या पातळीचे एक-दोन विषय विद्यापीठात करून दाखवण्याचे.

ते दुसरे उत्तर तसेही टळत नाही, कारण बायोकेमिस्ट्री हा वरच्या वर्गाचा विषय असल्याने कम्युनिटी कॉलेजात तो सहसा शिकवलाच जात नाही. त्यासाठी मी विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन विभागात, जिथे बाहेरच्यांना सुटे विषय घेता येतात, नाव घालणार आहे. तिथे एकाच विषयाचे शुल्क इथल्या कित्येक विषयांइतके आहे, तरी ते देण्यासारखे वाटते. शिफारसपत्रे मात्र मी इथूनच मागणार: दोन विज्ञान शिक्षकांची सर्रास लागतात, आणि त्यांतले एक, ज्यांनी माझे मनगट पाहिले आहे, त्या ऑरगॅनिकच्या बाईंचे असावे. सत्र संपण्याआधीच त्यांना विचारायचे आहे, कारण पुढच्या सत्रात त्यांच्यापुढे नवा वर्ग असेल.