उठलं की मिटणारी विळी

ही भाजी चिरत होती, दाराची बेल वाजली म्हणून उठली. विळी तशीच उघडी आणि नात रांगत तिच्यापाशी. तळहाताला दोन टाके पडले. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या रात्री झोप कसली लागते! रविवार-रविवार गाळ्यात बसून खटका केला: पाटावर बसलं तरच पातं उभं राहतं, उठलं की स्प्रिंगने आडवं पडतं. पाचव्या नमुन्याला जमलं.

गणपतीत सोसायटीच्या प्रदर्शनात ठेवायची म्हणून टेबलही सांगून ठेवलं होतं. भाच्याने अडवलं. "मामा, आधी अर्ज, मग आरास." एकदा चारचौघांत दाखवली की पेटंटसाठी ती 'नवी' राहत नाही. कायद्यात प्रदर्शनाला सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनांना, तीही १२ महिन्यांत अर्ज केला तर. आमचा मांडव त्यात कुठला बसायला!

मग शोध. इंटरनेटवर पेटंटं फुकट चाळता येतात, पण तिथे विळीला विळी कोणी म्हणत नाही. 'कापण्याचे साधन, ज्यास आधारफलक आहे' असली भाषा. दोन रात्री नुसते शब्दच चुकत होते. शेवटी वर्गीकरणाचा धागा मिळाला: स्वयंपाकघरातली साधनं ए४७जे, हाताने कापायची हत्यारं बी२६. त्यातून घडीच्या विळ्या बऱ्याच निघाल्या. पातं हाताने मिटायचं, कडी लावायची. बसणाऱ्याच्या वजनावर चालणारी मला सापडली नाही. ती आहे की नाही हे शेवटी परीक्षकच ठरवणार.

एकाने फोनवर 'हमखास पेटंट' म्हणून पस्तीस हजार मागितले. हमखास म्हणणारा तो कोण? फोन ठेवला.

खरा घाम दाव्यांनी काढला. अर्जाच्या शेवटी एकेका वाक्यात लिहायचं की तुमचं नेमकं काय. मी लिहिलं: सागवानी पाट, सात इंची पातं, स्टेनलेस स्प्रिंग. भाचा म्हणाला, उद्या कोणी प्लॅस्टिकच्या पाटावर केली तर? बरोबर होतं त्याचं. सागवान काढलं, इंच काढले, शेवटी स्प्रिंगही काढली, कारण तेच काम पात्याच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या उलट्या वजनानेही होतं. पण काढता काढता एवढं मोघम झालं की आजीची घडीची विळीही त्यात बसायला लागली. माहीत असलेल्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या आणि दोघी आपापलं काम करत राहिल्या, तर पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे तो शोधच नाही. माझ्या विळीत बसणाऱ्याचं वजन आणि पातं एकमेकांना बांधलेले आहेत, तेवढंच माझं. हे कळायला महिना गेला, आणि वस्तू तर मीच केलेली! दावे तपासायला मात्र नोंदणीकृत पेटंट एजंट घेतला. ते पैसे अजिबात सलत नाहीत.

आणि हो, अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतो. अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात मराठी विळी इंग्रजीतून गेली.

एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये, कागदावर केला तर १,७५०. आधी तात्पुरतं विवरण, म्हणजे शोधाचं पहिलं वर्णन, दिलं की तारीख हातात येते, मग १२ महिन्यांत पूर्ण विवरण द्यायचं. इथे मी चुकलो. तात्पुरत्यात फक्त स्प्रिंग लिहिली होती, त्यामुळे उलट्या वजनाला नंतरचीच तारीख मिळाली. सुचेल ते सगळं पहिल्याच कागदात घाला.

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण तपासणी आपोआप होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ आणि ४,००० रुपये वेगळे, पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांच्या आत. माझा भरून झालाय. हरकती आल्या की उत्तराला सहा महिने. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तेही भारतापुरतं.

अर्ज झाल्यावर हिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विळी बाहेर काढली. बायका उठून-बसून बघत होत्या, हसत होत्या. शेजारच्या वहिनींनी किंमत विचारली. त्यांची सून म्हणाली, "आई, आपल्याकडे चॉपर आहे ना?"