14 सिलिंडर, 18 रुग्ण

एप्रिल 2021. आमच्या कोविड वॉर्डात रात्री नऊला 14 भरलेले जम्बो सिलिंडर उरले होते आणि गाडी सकाळी सहाच्या आत येणं शक्य नव्हतं. एका जम्बोत साधारण 7000 लिटर ऑक्सिजन. हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर, दोघं, मिनिटाला 60 लिटरने. एनआरबीएम म्हणजे पिशवीवाल्या मास्कवर सहा जण 15 ने, नाकातल्या नळीवर दहा जण 4 ने. एकूण मिनिटाला 250 लिटर. पहाटे साडेतीनला सगळं संपणार.

अशा वेळी ‘कुणाचा काढायचा?’ हाच प्रश्न आधी पुढे येतो. पण वाया जाणारा थांबवल्याशिवाय कुणाला नाही म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 92 ते 94 पुरेसं असताना निम्मे रुग्ण 98 वर होते. सिस्टरनी खाटेमागून खाट फ्लो एकेक लिटर उतरवला, दहा मिनिटं थांबून आकडा पाहिला. एका मुलाने सिस्टर वळताच वडिलांची चावी पुन्हा 15 वर नेली. त्याला न रागावता ऑक्सिमीटर हातात दिला. 12 वरही 95 दिसल्यावर रात्रभर त्यानेच लक्ष ठेवलं. एनआरबीएम मात्र 10 च्या खाली नेऊ नये, पिशवी चिपकते आणि श्वास कोंडतो. म्हणून सुधारलेल्या दोघांना थेट नळीवर 5 ने घेतलं, उरलेले चौघे 12 वर. नळीवरचे दहा जण 3 वर आले. हाय फ्लोवरच्या एकाला घट्ट मास्क लावून व्हेंटिलेटरवर घेतलं, दुसऱ्याला पालथं झोपवून फ्लो 40 आणि ऑक्सिजन 60 टक्के केला. दोघांचा खर्च प्रत्येकी वीसच्या आसपास आला. बेरीज 128. आता साडेबारा तास.

मोकळं झालेलं हाय फ्लो मशीन एकच, गरजू दोन. त्यातल्या एकासाठी ‘वरून’ फोन आला. उपचार करणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं नाही, असा आमचा नियम. दुसऱ्या वॉर्डातले भूलतज्ज्ञ आणि अधीक्षक यांच्यापुढे नावं झाकलेले केसपेपर ठेवले: सॅच्युरेशन, श्वासाची गती, इतर अवयवांची अवस्था, सुधारण्याची शक्यता. नुसतं वय हा निकष नाही. सगळं सारखं निघालं तर चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीची गरज पडली नाही. फोन ज्याच्यासाठी आला होता तो मास्कवर 91 राखत होता, दुसरा 82 वर होता. मशीन दुसऱ्याला लागलं. निवडीचं कारण दोन्ही केसपेपरवर लिहून दोघांनी सही केली, आणि दोन्ही घरच्यांना तेच कारण सांगितलं.