ऐकू येतं तसं दाबायचं

सोमवार

पाऊस थांबायचं नाव नाही. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जुलै असाच असतो, आणि आमचं गाव तर जांबोटीच्या बाजूला, रानाला लागून. रोप लावणी जोरात सुरू आहे, त्यामुळे पाचवीत निम्मीच मुलं. आलेल्यांना घेऊन संगणकाच्या खोलीत बसले. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले दोन जुने संगणक इतके दिवस कापड घालून झाकून ठेवलेले होते. मराठीत टाईप करायला शाळेत कुणाला येत नव्हतं, आणि इंग्रजीत मुलांनी लिहायचं तरी काय? सुट्टीत मी घरी इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीचा, सराव सुरू केला. बोटं अजून अडखळतात. पण पूर्ण येईपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय. मुलांबरोबरच शिकायचं आणि आपल्याला काय जड जातंय ते त्यांना उघड सांगायचं.

आज पहिलाच अडथळा वेलांटीचा. एका मुलीला ‘दिवा’ लिहायचं होतं. वहीत आपण आधी वेलांटी काढतो, मग द. तिनं तसंच केलं, आधी वेलांटीची कळ दाबली. पडद्यावर वेलांटी आली आणि तिच्या शेजारी टिंबाटिंबांचा एक गोल. “टीचर, हे मदीच कुठनं आलं?” सगळी डोकी त्या पडद्यावर. मी सांगितलं, सुरुवातीला हा गोल मलाही रोज भेटायचा. वेलांटीला बसायला अक्षर मिळालं नाही की संगणक रिकामी जागा दाखवतो. आधी द, मग वेलांटी. तिनं पुन्हा केलं. द उमटला, नंतर वेलांटीची कळ दाबली, आणि वेलांटी आपणहून द च्या डावीकडे जाऊन उभी राहिली. ते बघायला सगळ्यांना एकेकदा ‘दिवा’ लिहायचा होता. शाळेतल्या दुधाची वेळ झाली तरी कुणी उठेना.

मंगळवार

सकाळपासून लाईट नाही. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढायला लावला. खोक्यांचे पुठ्ठे, स्केचपेन, आणि मी फळ्यावर काढलेला नकाशा. या कामाचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

काढता काढता मुलांच्या लक्षात आलं की डाव्या हाताला बहुतेक मात्रा आहेत आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. बाराखडी दोन हातांत वाटून दिलेली. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. ग-घ, त-थ, प-फ, द-ध तसेच. हे मी सांगितलेलं नाही, एका मुलानं पुठ्ठ्यावर बोट ठेवून वर्गाला दाखवलं. ‘ह’ जोडल्यासारखा आवाज आला की शिफ्ट, असा नियमही त्यानंच केला. वर्णमालेतल्या जोड्या मी दरवर्षी फळ्यावर शिकवते आणि मुलं पाठ करतात. इथे त्यांना त्या सापडल्या.

ही मांडणी १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं प्रमाण केली आणि १९९१ मध्ये भारतीय मानकात ती आली. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांच्या लहानपणीच ती तयार होती. इतकी विचारपूर्वक केलेली गोष्ट आपल्या शाळांपर्यंत पोहोचायला एवढा काळ लागावा याचं वाईट वाटतं.

बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचंय.

पाचवीतला एक मुलगा आहे. बोलायला चुणचुणीत, गणितात बरा, पण रफार कधीच जागेवर नाही. ‘पर्वत’ला ‘पवर्त’, ‘वर्ग’ला ‘र्वग’. दुसरीपासून लाल शाईनं भरलेल्या वह्या. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, हे त्याला कितीतरी वेळा सांगून झालंय. त्याला ते पाठसुद्धा आहे. पण ‘पुढचं’ म्हणजे नेमकं कुठलं, कुणाच्या पुढचं, इथेच तो दरवेळी चाचपडतो.

आज त्याला संगणकावर ‘पर्वत’ लिहायचा होता. प दाबला. मग हात वरच थांबला, रफाराची कळ शोधत. तशी कळ नाहीच. मी म्हटलं, शब्द सावकाश म्हण आणि काय ऐकू येतं ते सांग. प… र्… व… त. “र ऐकू येतोय, पण अर्धा.” मग अर्धाच लिही. र, त्याच्यामागून पाय मोडायची कळ. पडद्यावर ‘पर्’ असं पाय मोडका र दिसला. आता व. व दाबल्याबरोबर तो मोडका र उचलला गेला आणि व च्या डोक्यावर जाऊन बसला. मुलगा काही क्षण पडद्याकडे बघत राहिला, मग सगळं खोडून पुन्हा लिहिलं. मग ‘सूर्य’. मग ‘मार्ग’. मग न सांगता ‘कर्नाटक’. शेजारच्याला म्हणाला, “ऐकू येतं तसं दाबायचं, बसायचं कुठं ते त्याचं तो बघतोय.”

संगणक अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतो आणि दाखवताना फॉन्ट त्यांना जागेवर बसवतो. जुन्या मराठी टाइपरायटरवर उलटं होतं, तिथे डोळ्याला दिसतं त्या क्रमानं ठोकायचं, वेलांटी आधी आणि रफार नंतर. या मुलाचा कान पक्का आहे, घोटाळा होता तो फक्त डोळ्याच्या हिशेबात. दुपारी त्यानं वहीत लिहिलेलं तपासलं. सगळे रफार जागेवर नव्हते, पण बरेच होते. आणि लिहिताना ओठ हलत होते, शब्द पुटपुटून मग पेन्सिल टेकवत होता.

सुट्टीत आमच्या तरुण सरांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं की आपोआप मराठी होतं, मग ही मेहनत कशाला? मोठ्यांसाठी ते खरं आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला तिथे त आणि ट साठी एकच अक्षर, न आणि ण साठी एकच, ल आणि ळ साठी एकच. मग फोन खाली शब्दांची रांग दाखवतो आणि मूल पहिला शब्द उचलतं. ज्याचं लेखन अजून घट्ट झालेलं नाही, त्याच्यासाठी तो निर्णय फोननं घेऊ नये. मी हे ठामपणे सांगितलं. सरांना पटलं असं नाही, पण उद्या ते वर्गात बघायला येणार आहेत.

गुरुवार

भिंतीवर एक मोठा कागद लावलाय. वर लिहिलंय ‘अडलंय’. ज्याला जे अडतं ते त्यानं तिथे लिहायचं, नाव घालायची सक्ती नाही. सुरुवात मी केली: “कन्नडातला ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ऐकून ओळखता येत नाहीत.” हे खरंच आहे. परिपत्रकं कन्नडात येतात, प्रशिक्षण कन्नडात असतं, वाचून अर्थ लागतो. पण कान मराठीचा, त्याला एकच ए माहीत.

कागद दुपारपर्यंत भरला. ‘सव्वा आणि पावणे.’ ‘मध्ये शून्य आला की वजाबाकी.’ ‘त्रेचाळीस म्हटल्यावर हात आधी तीन लिहितोय.’ हे शेवटचं वाचून बराच वेळ विचार करत होते. मराठीत तीन आधी, चाळीस नंतर. कन्नडात नलवत्तमूरु, चाळीस आधी. इंग्रजीतही तसंच. आमच्या मुलांना पहिलीपासून तिन्ही भाषांतले आकडे ऐकावे लागतात, आणि ३४ चे ४३ झाले की आपण म्हणतो लक्ष नाही. लक्ष आहे, तीन वाटांनी येतंय. पुढच्या आठवड्यात यावरच एक तास घ्यायचा.

माझ्या अडचणीला उत्तर मिळालं ते एका मुलीकडून. तिच्या आईचं माहेर बैलहोंगलकडे, घरी कन्नडच. एरवी ती वर्गात मागच्या बाकावर, मराठी वाचनाची वेळ आली की मान खाली. आज उठून पुढे आली. “टीचर, ‘बेळे’ म्हणा.” मी म्हटलं. “हे पीक झालं. आता डाळ म्हणा.” तिनं हात आडवा धरून लांब ओढला आणि ए तेवढाच लांबवला. पीक म्हणताना हात तिथल्या तिथे. सगळा वर्ग हात ओढत म्हणायला लागला, मीही. माझा लांबतोय की नाही हे तीच ठरवत होती.

शुक्रवार

लाईट दिवसभर राहिली. दोन्ही संगणकांवर कन्नड सुरू केलं. मांडणी तीच ठेवली, भाषा फक्त बदलली. मुलांना म्हटलं, ‘कर्नाटक’च्या कळा काल-परवा दाबल्या तशाच दाबा. दाबल्या, आणि पडद्यावर कन्नडात ‘कर्नाटक’ आलं. इनस्क्रिप्टमध्ये क ची कळ ती क चीच, मराठी असो वा कन्नड. रफारवाला मुलगा उठून उभाच राहिला. कन्नडात रफार डोक्यावर नसतो, अर्कावत्तु म्हणून अक्षराच्या उजवीकडे जातो, आणि तिथे तर तो कायमच गोंधळायचा. पण दाबायचा क्रम तोच, र आधी. बैलहोंगलच्या मुलीनं त्याला ऱ्हस्व ए ची वेगळी कळ दाखवली, डाव्या कोपऱ्यात खालची. मराठी लिहिताना तिच्याकडे आमचा कुणाचा हात जात नाही.

सरकारी कार्यालयांत कन्नड टाईप करायला नुडी ही प्रणाली चालते, तिची मांडणी निराळी. पुढे मुलांना तीही शिकावी लागेल. लागू दे. एक मांडणी कळलेल्याला दुसरीची भीती वाटणार नाही. तरुण सर आज तास संपेपर्यंत थांबले आणि जाताना एक पुठ्ठा मागून घेऊन गेले.

उद्या शाळा सुधारणा समितीची बैठक आहे. यूपीएसची बॅटरी गेलीय, या पावसात तिच्याशिवाय चालणार नाही. अर्ज मी लिहिणार होते, पण पाचवीनं तो मागून घेतला. मराठीतून मजकूर झालाय, कन्नडातला अर्धा टाईप झालाय, उरलेला उद्या सकाळी लवकर येऊन करतो म्हणालेत. खोलीची किल्ली आजच आणून ठेवली.