सत्तेचाळीस नंबरचा खोका आणि डे मॉइनमधली पहिली हॅलोविन

कॅलिफोर्नियातून आयोवात सामान हलवणार असाल तर आधी एकच सांगते. कुकर, औषधं, पासपोर्ट आणि मुलांनी जिवापाड जपलेली वस्तू गाडीत आपल्यासोबत ठेवा. ट्रकमध्ये चढवू नका. मी चढवली, आणि 2023 चा अख्खा ऑक्टोबर त्याच घोरात गेला.

नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून आम्ही फ्रीमाँटहून डे मॉइनला आलो. मुलगी सात वर्षांची. हॅलोविनला वटवाघूळ व्हायचं हे तिचं जूनपासूनच ठरलेलं. माझ्या आजीची जुनी चंद्रकळा माझ्याकडे होती, घड्यांवर पार विरलेली. साडी म्हणून ती पुन्हा नेसणं शक्यच नव्हतं. आईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "काप गं. पेटीत कुजण्यापेक्षा पणतीच्या अंगावर मिरवू दे." मग तिचे पंख शिवले. आत मोडक्या छत्रीच्या काड्या घातल्या आणि लाल काठ पंखांच्या कडेने फिरवला. हात पसरले की काठ ताणून उभा राहायचा. तो पोशाख मी नीट घडी करून खोक्यात ठेवला. मूव्हर्सच्या यादीत त्याचा नंबर सत्तेचाळीस.

प्रवासाचं काही विशेष सांगण्यासारखं नाही. आय-80 धरला की तोच रस्ता थेट डे मॉइनपर्यंत आणतो. तीन दिवस लागले. घर, शाळा, लायसन्स सगळं भराभर झालं.

अडलं ते सामान. 7 ऑक्टोबरला ट्रक भरून गेला, आणि 12 ते 16 च्या दरम्यान पोचेल असं कागदावर लिहून दिलं होतं. 16 तारीख उलटली. फोन केला तर कळलं की ज्यांच्याशी आम्ही महिनाभर बोलत होतो ते मूव्हर्स नव्हतेच, ते ब्रोकर. आमचं काम त्यांनी दुसऱ्याच कंपनीला दिलेलं. ती कंपनी म्हणे, ट्रक नेवाडात आहे. दोन दिवसांनी म्हणे, सामान गोदामात उतरवलंय. मग म्हणे, ड्रायव्हर मिळत नाहीये. रोज सकाळी नऊला मी फोन लावायची आणि रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायची. हवा भरायच्या गादीवर तिघं झोपत होतो. थंडी वाढत होती आणि रजया ट्रकमध्ये. मुलगी शाळेतून आल्या आल्या विचारायची, "आई, पंख आले?" तिला रोज "नाही" सांगताना मला जो संताप यायचा, तो अजून पुरता गेलेला नाही. बुकिंगच्या आधीच विचारून घ्या की तुम्ही ब्रोकर की मूव्हर, आणि त्यांचा यूएसडीओटी नंबर, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याने दिलेला नोंदणी नंबर, सरकारी साइटवर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही.

त्यातच शेजारच्या आजी दार वाजवून भोपळ्याचा ब्रेड देऊन गेल्या. जाताना मुलीला म्हणाल्या, "जोक तयार आहे ना?" आम्ही दोघी बघतच राहिलो. तेव्हा कळलं की इथे त्या वर्षापर्यंत मुलं 31 ला नाही, 30 लाच दारोदार जायची, संध्याकाळी सहा ते आठ. त्याला बेगर्स नाइट म्हणतात. 1938 च्या हॅलोविनला शहरात फार तोडफोड झाली, त्यानंतर ही प्रथा सुरू झाली. आणि इथे नुसतं "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणून भागत नाही, दारात जोक सांगायचा, मगच चॉकलेट. म्हणजे हातातला एक दिवस आणखी गेला.

30 तारखेला, सोमवारी, दुपारी साडेतीनला ट्रक दारात आला. मुलगी शाळेतून नुकतीच आलेली, नवरा ऑफिसात. ड्रायव्हर क्लिपबोर्ड घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, वजन जास्त भरलंय, 8,100 डॉलर द्या, मग मागचं दार उघडतो. आमचं एस्टिमेट 5,800 चं.

इथे मला वाचवलं ते एका पुस्तिकेने. दुसऱ्या राज्यात सामान नेणाऱ्या मूव्हरने ग्राहकाला त्याच्या हक्कांची सरकारी पुस्तिका द्यावीच लागते. आमच्या कागदांत ती होती, आणि ट्रकची वाट बघत बसलेल्या रात्री मी ती गादीवर पडून अक्षरन् अक्षर वाचली होती. एस्टिमेट नॉन-बाइंडिंग, म्हणजे नुसतं अंदाजी, असेल, तर दारात एस्टिमेटच्या 110 टक्के रक्कम भरली की मूव्हरला सामान उतरवावंच लागतं. वरचे पैसे त्याने नंतर बिल पाठवून मागायचे, आणि त्यासाठी निदान तीस दिवस द्यायचे. 5,800 चे 110 टक्के म्हणजे 6,380. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने आधीच सावध केलं होतं, म्हणून बँकेतून दोन कॅशियर्स चेक काढून ठेवले होते, एक 5,800 चा आणि एक 580 चा. दोन्ही त्याच्या हातात ठेवले आणि पुस्तिकेतलं ते पान समोर धरलं.

तो वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, वरून सांगितलेलं बोलत होता. त्याने ऑफिसला फोन लावला. पलीकडचा माणूस नकोच म्हणत राहिला. मी शांतपणे सांगितलं की सामान अडवून ठेवलंत तर आत्ता, इथूनच तक्रार नोंदवते. हात थरथरत होते, पण आवाज नाही. चाळीस मिनिटं ट्रकचं इंजिन चालू होतं आणि मुलगी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. शेवटी पावणेपाचला त्याने फोन ठेवला आणि कुलूप काढलं. त्या कुलपाचा खटका मी कधी विसरणार नाही.

विम्याचं राहिलंच. वेगळे पैसे भरून पूर्ण किमतीचं संरक्षण घेतलं नाही आणि स्वस्तातल्या पर्यायावर सही केलीत, तर वस्तू हरवल्यास भरपाई पौंडाला साठ सेंट. आम्ही तिथेच सही केली होती. पंखांचं वजन जेमतेम पौंडभर. आजीच्या चंद्रकळेचे साठ सेंट! सही करण्यापूर्वी हा हिशेब एकदा मनात करून बघा.

सत्तेचाळीस नंबर सोफ्याच्या मागे सगळ्यात शेवटी सापडला, साडेपाच वाजता. एक काडी वाकली होती, ती मी गुडघ्यावर धरून सरळ केली. थंडी इतकी की आत जाकीट घालावंच लागलं, त्यामुळे वटवाघूळ चांगलंच गुबगुबीत झालं. इकडे येणाऱ्यांनी पोशाख एक माप मोठाच शिवावा.

जोकचं मात्र अडलं नाही. इंग्रजी जोक तिला सपक वाटत होते, म्हणून मी तिला आजीचं कोडं दिलं होतं, "पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब." मुळातलं मराठी म्हणायचं, मग इंग्रजीतून अर्थ सांगायचा. उत्तर, मक्याचं कणीस. अमेरिकेत सगळ्यात जास्त मका पिकवणाऱ्या राज्यात याहून चांगलं कोडं कुठलं असणार!

सव्वासहाच्या सुमारास अंधारायला लागलं. ज्या घराच्या ओसरीवर दिवा चालू तिथेच जायचं, बंद असेल ते दार वाजवायचं नाही, एवढं तिला सांगून ठेवलं होतं. पहिलं घर त्या आजींचं. मुलीने पंख पसरले, लाल काठ दिव्याखाली चमकला, आणि तिने एका दमात कोडं म्हटलं. आजींनी तीनदा चुकीचं उत्तर दिलं. "कॉर्न!" म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की आतून आजोबांना हाक मारली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. आजोबांनी आयुष्यभर मकाच पिकवला होता. ते म्हणाले, हा पाटील मी चांगला ओळखतो.

आठ वाजता दिवे एकेक करून मालवले गेले. आमच्या घरात फक्त ओसरीचाच दिवा लागत होता, बाकीचे अजून खोक्यांत. सत्तेचाळीस नंबरच्या रिकाम्या खोक्यात तिने सगळी चॉकलेटं ओतली आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती जमिनीवर बसून ती मोजत राहिलो.

वरच्या 1,720 डॉलरचं बिल डिसेंबरात आलं. मी वजनाच्या पावत्या मागितल्या आहेत. त्या आल्या की बघू. आजींचा निरोप मात्र आधीच आलाय, पुढच्या वर्षी नवं कोडं हवं. मुलीने लसणीचं पाठ करायला घेतलंय.