सोडा की ती नोकरी!

प्रदर्शन लागलं की कुणीतरी विचारतंच. जुना विद्यार्थी, त्याचे वडील, नाहीतर कॅटलॉगची सुरळी करत उभा असलेला एखादा अनोळखी रसिक: "सर, एवढं रंगवताय, मग ती शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी सोडा की आता!" म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

कोल्हापूरला कलापूर म्हणवून घ्यायची हौस आहे, त्यामुळे इथे हा प्रश्न येताना आबालाल रहिमानांना घेऊनच येतो. कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून, कशाची फिकीर न करता रंगवत बसलेला माणूस. खरं आहे. पण ते शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार होते, हे सांगणारा विसरतो. दुसरं नाव डॉ. श्रीराम लागूंचं. १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ नाटकात आले. त्या धाडसाला माझा नमस्कारच. पण सर्जनला मनात आलं तर दवाखाना पुन्हा उघडता येतो. अनुदानित शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरनं राजीनामा दिला की ती खुर्ची त्याला परत मिळत नाही, आणि हल्ली बहुतेक वेळा दुसऱ्या कुणालाही मिळत नाही.

मला चित्रकार प्रभाकर बरवे जवळचे वाटतात. हातमागाच्या कापडासाठी डिझाइनं करायची, अशी विणकर सेवा केंद्रातली सरकारी नोकरी त्यांनी वर्षानुवर्षं केली. त्याच नोकरीनं त्यांना बनारसला नेलं, आणि तिथे तंत्रसाधनेतल्या प्रतिमांशी पडलेली गाठ त्यांच्या चित्रांत उतरली. त्यांना कुणी 'सोडा की' म्हटलं असेल का, कोण जाणे.

आता पैशाचं. धरा, चार फुटी तैलचित्र चाळीस हजारांना गेलं. गॅलरीचा तिसरा हिस्सा वजा करा (काही ठिकाणी निम्मा), मग कॅनव्हास, रंग, फ्रेम, मुंबईला न्यायचा टेम्पो. हातात वीसेक हजार उरतात, आणि चित्राला महिना लागलेला असतो. शिवाय दर महिन्याला एक चित्र जातंय कुठं? आमच्या सौ. रंगांच्या खर्चाची वेगळी वही ठेवतात. अस्सल, महागड्या कॅडमियम रेडची ट्यूब आणली त्या दिवशी त्या आकड्याखाली दोन रेघा असतात.

पण पोटापाण्यापुरतंच असतं तर हे उत्तर इथेच संपलं असतं. पगारानं मला दिलीय ती न खपणारं चित्र काढायची मुभा. बरीच वर्षं मी गुऱ्हाळं रंगवतोय. रस उकळायच्या भट्टीत, चुलवाणात, चिपाड धडधडत असतं, म्हणजे माणसांच्या तोंडावर उजेड खालून येतो आणि डोळे अंधारात राहतात. काहिलीवरची, रसाच्या मोठ्या कढईवरची, वाफ पांढरी आणि चुलवाणाचा धूर करडा. दोन्ही एकाच आढ्याला जाऊन मिसळतात, आणि कुठे वाफ संपली, कुठे धूर सुरू झाला, ते रंगात सांगताना दमछाक होते. उकळत्या रसावरच्या फेसाचा पिवळा मला अजून सापडलेला नाही. गॅलरीवाले म्हणतात, सर, जरा ब्राइट करा. गिऱ्हाईक म्हणतं, सात घोडे आहेत का, किंवा एखादा बुद्ध? घोडे काढण्यात वाईट काही नाही, आणि मला ते येतातही. पण घरभाडं घोड्यांवर चालायला लागलं की गुऱ्हाळात पाय ठेवायलाच जमणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो.

या मुभेची किंमतही आहे. वेळ जातो म्हणतात, तो जातोच: मतदार याद्या आहेत, शिष्यवृत्तीचे फॉर्म आहेत. मला जास्त खुपतं ते डोळ्याला लागणारं वळण. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, बी ला पाच, सी ला तीन. त्यामुळे पालकांना चित्र नको असतं, ग्रेड हवी असते. दिवसभर घागर, कांदा आणि चुण्या पडलेला टॉवेल 'बरोबर' करून दिल्यावर संध्याकाळी हात आपोआप परीक्षेचं शेडिंग करायला लागतो. तो धुऊन निघायला सुट्टी लागते. नशीब एवढंच, की दिवाळीची सुट्टी आणि गुऱ्हाळांचा हंगाम जुळतात.

माझं उत्तर घेऊन कुणी आपल्या मुलाला एटीडीला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, घालू नये मात्र. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी कायम झालो, म्हणून जुन्या पेन्शनमध्ये बसलो. माझ्यानंतर लागलेल्यांना ती तशी मिळाली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तिथे कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितलाय. अंशकालीन! ज्या सुरक्षिततेच्या जोरावर मी हे लिहितोय, ती माझ्या विद्यार्थ्याला मिळणार नाही. पूर्वी इथले चित्रकार नाटकाचे पडदे, सिनेमाची बॅनरं रंगवून घर चालवायचे. ते काम फ्लेक्सनं नेलं. म्हणून विचारायला येणाऱ्या पोराला मी आधी विचारतो, बाळा, चित्राशिवाय तुला आणखी काय येतं? वेल्डिंग, टू-व्हीलरची दुरुस्ती, काहीही चालेल. पोरं नाराज होऊन जातात.

राहिला निवृत्तीचा मुद्दा. "मग रिटायर झाल्यावर रंगवा की निवांत," असंही सुचवतात. तसं ठरलेलंच आहे. अडचण अशी, की मी ज्यांच्याकडे जाऊन बसायचो त्यातली बरीच गुऱ्हाळं बंद पडलीत. ऊस कारखान्याला जातो, गूळ रांधणारा गुळव्या मिळत नाही. पेन्शन सुरू होईल तेव्हा किती चुलवाणं पेटती असतील, हे सौ.च्या वहीत कुठेच मांडलेलं नाही.