चौथ्या दिवशीचे तारे

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात अभिप्राय कक्ष सांभाळते. त्या सोमवारी बारामतीचा एक मुलगा आईला घेऊन स्वारगेटहून थेट टेबलाशी आला. "मॅडम, या डॉक्टरांना ३.८ तारे, दुसऱ्यांना पूर्ण ५. आईचा गुडघा कुणाकडं बदलायचा?"

दोन्ही पानं उघडली. पाचवाल्यांचे अभिप्राय होते १२. आणखी एकानं एक तारा दिला, की सरासरी ४.७. ३.८ वाल्यांचे ४१०, तिथं एका ताऱ्यानं काही हलत नाही. मग त्यांचे शेवटचे २० एकेक करून वाचले. ११ जण बिल, पार्किंग आणि डिस्चार्जच्या उशिरावर चिडलेले. गुडघ्याबद्दल लिहिणारे फक्त ३.

याचं कारण रोज डोळ्यांसमोर असतं. डॉक्टर सकाळच्या राउंडला घरी जायला सांगतात. मग समरी टाइप होते, उरलेली औषधं परत जातात, बिल बनतं, ते टीपीएकडं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं बिलं तपासणाऱ्या संस्थेकडं, जातं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार मंजुरी ३ तासांत यायला हवी. पण एक रिपोर्ट जोडायचा राहिला की तिकडून शंका येते आणि संध्याकाळ होते. अभिप्रायाचा एसएमएस नेमका तेव्हा जातो. ऑपरेशनला चार दिवस झालेले, टाकेसुद्धा निघालेले नसतात. बिलाचा राग डॉक्टरांच्या नावावर जमा होतो. मला हे फार चुकीचं वाटतं; फसतो तो पुढचा रुग्ण.

"मग ऑपरेशनचे आकडे तरी लावा की," मुलगा म्हणाला. मागणी रास्तच. न्यूयॉर्क राज्यात बायपास सर्जनचे मृत्युदर १९९१ पासून नावानिशी जाहीर होतात, पण वय, हृदयाची ताकद, मूत्रपिंडाचा विकार असं सगळं हिशोबात धरून. नाहीतर अवघड रुग्ण घेणाराच वाईट दिसेल. शिवाय संख्या लहान असली तर शून्यही फसवं. ३० गुडघ्यांत एकदाही जंतुसंसर्ग झाला नाही, तरी खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं (शून्य आलं की ३ ला एकूण संख्येनं भागायचं, हा ढोबळ नियम: ३ भागिले ३०).

चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले: वर्षाला किती गुडघे करता? किती पुन्हा उघडावे लागले? आईला मधुमेह आहे, तिला धोका किती?

दुपारी दोघं परत आले. ३.८ वाल्या डॉक्टरांनी पहिल्या दोन प्रश्नांचे आकडे दिले होते. तिसऱ्यापुढं लिहिलं होतं: तीन महिन्यांची साखर ९.४, आधी ती खाली आणा, मग तारीख देतो.

"त्यांच्याकडंच करू," आई म्हणाली.